झाडावरचा व्याध : दोर, मचाण आणि हरिणाची शिकार

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



महाशिवरात्रीची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. श्रीधरस्वामींनी 1718 साली बारामतीत शिवलीलामृत लिहून पूर्ण केलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात ती येते. एक व्याध दिवसभर उपाशी हिंडतो, शिकार मिळत नाही. संध्याकाळी तो तळ्याकाठच्या बेलाच्या झाडावर चढून बसतो. रात्री हरणं पाण्यावर येतील, तेव्हा बाण मारू, असा त्याचा हिशेब. समोरचं नीट दिसावं म्हणून तो मधे येणारी पानं तोडून खाली टाकत राहतो. खाली शिवलिंग आहे हे त्याला माहीत नसतं. मग हरिणी येते आणि त्याच्याशी बोलू लागते.

कथा कीर्तनात ऐकताना आपलं लक्ष बेलाच्या पानांकडे आणि पुण्याकडे जातं. आज मी तुमचं लक्ष वेगळीकडे नेणार आहे. तो माणूस झाडावर का चढला? पाण्याजवळच का बसला? पानं का तोडली? ही सगळी शिकारीची शुद्ध तंत्रं आहेत. कथा रचणाऱ्याला ती पक्की ठाऊक होती. आणि गंमत बघा, आज अमेरिकेत हजारो माणसं शरद ऋतूत अगदी हेच करतात. फरक एवढाच, की ती फांदीवर बसत नाहीत, दोराला लटकतात. त्या साधनाला तिकडे ‘ट्री सॅडल’ म्हणतात, म्हणजे झाडावरचं खोगीर. आता खोगीर घोड्याच्या पाठीवर असतं, हे मात्र माणसाच्या कमरेला असतं.

आधी हे तंत्र काय आहे ते समजून घेऊ. मग त्याच्या बऱ्यावाईटाकडे वळू. वस्तू नीट न पाहता तिचा न्याय करायला बसणं हा आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना दोष आहे.

खोगीर, दोर आणि गाठ

मजबूत नायलॉनचा एक रुंद पट्टा असतो. तो कमरेपासून बसण्याच्या जागेखालपर्यंत येतो, मांड्यांभोवती दोन फास असतात. सगळं मिळून वजन साधारण किलोभर. पुढच्या बाजूला पोटासमोर दोराची एक आडवी वेटोळी असते. झाडावर पोचल्यावर खोडाभोवती डोक्याच्या उंचीला एक दोर आवळतात, त्यावर एक सरकती गाठ असते आणि तिला ही वेटोळी अडकवतात. मग माणूस खोडाकडे तोंड करून मागे रेलतो. वजन खोगिरावर, पाय खोडाला किंवा एका लहानशा फळीला टेकलेले. खोड त्याच्या आणि हरणाच्या मधे राहतं. हरीण डावीकडून आलं की हा खोडाभोवती उजवीकडे सरकतो, आडोसा कायम.

ती सरकती गाठ मोठी हुशार आहे. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं 1931 मध्ये ती प्रसिद्ध केली, म्हणून तिला प्रुसिक म्हणतात. जाड दोराभोवती बारीक दोराचे वेढे घ्यायचे. भार नसेल तर गाठ हातानं वरखाली सरकते, भार पडला की जागच्या जागी आवळते. पुढे 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जुमार नावाचं धातूचं साधन आलं, तेही दोरावर वर सरकतं पण खाली घसरत नाही. जुसी आणि मार्ती या दोघांच्या आडनावांची सुरुवात जोडून ते नाव झालं. आपले सह्याद्रीतले गिर्यारोहक मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीवर चढतात, त्यांच्या पोतडीत या गोष्टी असतातच. शिकाऱ्यानं नवीन काही शोधलं नाही. कड्यावरचं आणि झाडं छाटणाऱ्यांचं तंत्र त्यानं उसनं घेतलं.

चढण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिलीत कमरेला एक दोर आणि तोच खोडाभोवती. तो हातानं वर उडवत, पायाखाली खोडाला बांधलेल्या लहान पायऱ्या धरत चढायचं. हे ऐकून कोकणातल्या कुणाला हसू येईल, कारण ताडीमाडीवाले पिढ्यान् पिढ्या असेच चढतात. नारळ पाडणारा पाडेली पायात काथ्याचा फास अडकवून सरसर वर जातो, तोही याच कुळातला. दुसऱ्या रीतीत खालूनच एक वजन बांधलेली सुतळी मजबूत फांदीवरून पलीकडे फेकतात, तिच्यामागून दोर ओढून घेतात, त्याचं एक टोक पक्कं करतात आणि मग एकेरी दोरावर, एका पायाच्या फासात उभं राहत, गाठ सरकवत वर जातात. पूर्वी याला एक रात्र आधी येऊन फळ्या ठोकाव्या लागत. आता पाठीवरच्या पिशवीत सगळं मावतं आणि झाडाला एक खिळाही लागत नाही.

यातला मुख्य नियम असा : जमिनीवरून पाय सुटल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत दोर सुटता कामा नये. शिकाऱ्यांच्या अपघातांत झाडावरून पडणं हे तिकडे फार मोठं कारण आहे, आणि बरेच जण चढता-उतरताना, दोर बदलण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात पडतात. धनुष्य किंवा बंदूक हातात घेऊन चढायचं नाही. आपण वर पक्के झाल्यावर ती सुतळीनं वर ओढून घ्यायची. आणखी एक धोका लोकांना माहीत नसतो. बेशुद्ध होऊन माणूस पट्ट्यात नुसता लोंबकळत राहिला, तर पायांत रक्त साकळून जीवावर बेतू शकतं. म्हणून पायाला टेकू हवा आणि कुठे बसलो आहोत हे घरी सांगून ठेवलेलं हवं.

उंचीच का?

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला स्वतःभोवतीचं बहुतेक सगळं दिसतं, अगदी पाठीमागचा थोडा भाग सोडून. रंग त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. लाल आणि नारिंगी हे त्याला वेगळे उठून दिसत नाहीत, म्हणून तिकडचे शिकारी एकमेकांची गोळी लागू नये यासाठी भडक नारिंगी कपडे घालतात आणि तरी हरणाला कळत नाही. पण हालचाल त्याला लगेच कळते, आणि वास तर त्याहून आधी. माणसाचा वास जमिनीलगत पसरतो. पंधरा-वीस फुटांवर बसलं तर वारा तो बराचसा डोक्यावरून नेतो. सकाळी ऊन चढू लागलं की हवा वर जाते, संध्याकाळी गारवा पडला की उताराच्या दिशेनं खाली उतरते. हे जाणणारा शिकारी सकाळचं झाड आणि संध्याकाळचं झाड वेगळं निवडतो.

आता आपल्याकडे या. मराठीत मचाण हा शब्द आहे, संस्कृतातल्या मंच या शब्दाच्या घरातला. माच आणि गडाची माची हे त्याचेच भाऊबंद. संस्थानिकांच्या काळात मचाणावरून वाघ मारले गेले. पण शेतकऱ्याचं खरं मचाण म्हणजे शेतातला माळा. ज्वारी निसवली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पाखरं आणि हरणं हाकलायची. तिथली उंची मारण्यासाठी नसते, राखण्यासाठी असते.

आणखी एक लक्षात घ्या. आपल्याकडे ‘हरीण’ म्हणताना आपण दोन वेगळी कुळं एकत्र करतो. चितळ आणि सांबर यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगं कायमची. चितळ-सांबर झाडीतली, काळवीट उघड्या माळावरचं. आपल्या जिल्ह्यात येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटं आहेत. तिथे हे खोगीर घेऊन गेलात तर लटकायचं कशाला, हा प्रश्न पडेल! उघड्या माळावर काळविटाचं संरक्षण म्हणजे लांबची नजर आणि वेग. म्हणून त्याच्या शिकारीची तंत्रंही वेगळी झाली. कोल्हापूर संस्थानात माणसाळवलेले चित्ते काळविटांवर सोडत. आणि फासेपारधी, ज्यांचं नावच फासावरून पडलं, ते वाटेवर फास मांडत. गायपारधी शिकवलेल्या गाईबैलाच्या आडून एकेक पाऊल टाकत कळपाजवळ जात. गुरांना काळवीट बुजत नाही, हे त्यांनी हेरलं होतं.

या लोकांचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का अजून पुसलेला नाही. संस्थानिकानं चित्ता सोडला तर तो शौक, पारध्यानं फास लावला तर ती चोरी. शिकारीच्या नीतीबद्दल बोलताना कोणाच्या शिकारीबद्दल बोलतो आहोत, हे विसरू नये.

तीन खटले

आता मूळ प्रश्न. लपून, उंचावरून, न दिसता मारणं योग्य का?

आपल्या परंपरेत मारल्या जाणाऱ्यानं मारणाऱ्याला जाब विचारल्याचे प्रसंग आहेत. मी त्यांना खटले म्हणतो. पहिला वालीचा. रामानं झाडाआडून बाण मारला आणि मरता मरता वालीनं विचारलं, मी दुसऱ्याशी लढत असताना, न दिसता मला मारलंस, हा कुठला धर्म? वाल्मीकींच्या रामाचं मुख्य उत्तर असं, की तू भावाची बायको ठेवलीस, त्याची ही शिक्षा. पण त्याला जोडून तो आणखी एक मुद्दा मांडतो. माणसं फास लावून, आडून, पाठीमागून पशूंना मारतातच, त्यात दोष नाही, आणि तू तर शाखामृग. हा दुसरा मुद्दा शतकानुशतकं वाचकांना टोचत आला आहे. कारण वाली बोलतो आहे. जो जाब विचारू शकतो त्याला ‘तू मृग आहेस’ म्हणून गप्प कसं करायचं?

दुसरा खटला पांडूचा. महाभारताच्या आदिपर्वात तो रतिमग्न हरणाच्या जोडीवर बाण सोडतो. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. पांडू बाजू मांडतो, की राजांना मृगयेचा अधिकार आहे. किंदमाचं म्हणणं मोठं नेमकं आहे. मारलंस याची माझी तक्रार नाही, पण या क्षणी मारलंस याची आहे. म्हणजे शिकार मान्य केली तरी तिच्या आत मर्यादा असते. आजचे विणीच्या हंगामाचे नियम याच विचारातले आहेत.

तिसरा खटला आपल्या शिवरात्रीच्या हरिणीचा. ती वाद घालत नाही. ती मुदत मागते. पिल्लांना भेटून येते म्हणते. व्याध तिला जाऊ देतो, आणि ती परत येते.

बाहेरच्या जगातही हा वाद जुनाच आहे. प्लेटोनं आपल्या ‘लॉज’ या ग्रंथात जाळी आणि सापळे लावून रात्री आळीपाळीनं झोपा काढणाऱ्या शिकाऱ्यांना नावं ठेवली, आणि घोडे, कुत्रे व स्वतःचं शरीर कष्टवून केलेली शिकार तेवढी चांगली मानली. विसाव्या शतकात ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश विचारवंतानं शिकारीवर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : माणसाचं सामर्थ्य जसजसं वाढतं, तसतसं त्यानं स्वतःला आवरलं पाहिजे. प्राण्याला निसटण्याची संधी उरली नाही तर ती शिकार राहत नाही, ती नुसती कत्तल होते.

या कसोटीवर खोगिराचं काय होतं? त्याच्या बाजूनं बरंच बोलता येतं. धनुष्यवाला शिकारी वीस-तीस मीटरच्या आतच बाण सोडू शकतो. कित्येक संध्याकाळी हरीण येतच नाही. तो तासन् तास गप्प बसतो, थंडी सोसतो. चांगला शिकारी जनावर आडवं उभं राहीपर्यंत बाण सोडत नाही, कारण चुकलेला बाण म्हणजे जखमी जनावराची लांबलेली मरणयातना. पण विरुद्ध बाजूही आहे. हरीण सहसा वर पाहत नाही, आणि सारं तंत्र त्याच्या या एका उणिवेवर उभं आहे. शिवाय ‘संधी’चे हे सगळे नियम शिकाऱ्यांनी शिकाऱ्यांसाठी केलेले. खेळात दोन्ही बाजूंनी नियम मान्य केलेले असतात. इथे एका बाजूला खेळ चालू आहे हेच ठाऊक नाही. म्हणून मी म्हणतो, की संधी दिली म्हणजे संमती मिळाली असं होत नाही.

तिथली गोष्ट आणि इथली गोष्ट

तरी अमेरिकेतल्या शिकाऱ्याला मी एका दमात दोषी ठरवणार नाही. 1900 च्या सुमारास तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण बेसुमार शिकारीनं संपत आलं होतं. मग कायदे झाले. 1937 च्या एका कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. हरणं परत वाढली, इतकी की आज त्यांची संख्या कोटींमध्ये मोजतात. पण लांडगा बऱ्याच भागांतून गेलेला. हरणं जंगलातली रोपं खाऊन टाकतात, गाड्यांना धडकतात. तिथे ‘संख्या आवरायला कोणीतरी हवं’ हा युक्तिवाद पोकळ नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. सहकारी त्याला शिकारीला बोलावतात. त्यानं मला विचारलं, ‘सर, परवाना मिळतो, मांस वाया जात नाही, मग मला अडखळल्यासारखं का होतं?’ मी म्हटलं, कायदा परवानगी देतो, आज्ञा देत नाही. अडखळणं हा दुबळेपणा समजू नकोस. तिथे कोणीतरी विचारतं आहे, त्याचं ऐकून घे आणि मग ठरव.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते, 1991 च्या दुरुस्तीनं ते दार बंद झालं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरुण मुलांनी एक नीट ऐकावं. कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्याची नाही. पकडणं, फास लावणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि या सगळ्याचा प्रयत्न करणं, हेही शिकारच. म्हणजे धनुष्य घेऊन पाणवठ्यावरच्या झाडाला लटकणं, बाण सुटला नाही तरी, गुन्ह्यात बसतं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून हे साहित्य मागवणारे आपल्याकडेही असतील. दोर जरूर वापरा. तो कड्यावर, विहिरीत, नारळावर उपयोगी आहे. झाडाच्या शेंड्यातली घरटी आणि फुलं-फळं अभ्यासणारे संशोधक याच दोरांवर चढतात.

ममदापूरचा माळ 2014 साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, सुमारे 54 चौरस किलोमीटरचा. तिथली काळविटं आज बाणानं मरत नाहीत. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात बिनकठड्याच्या विहिरीत पडून मरतात, रस्ता ओलांडताना गाडीखाली मरतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. शिकारी कोण, हा प्रश्न आता इतका सोपा राहिलेला नाही.

आणि मचाण संपलेलं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात, ताडोबात लोक पाणवठ्याजवळ मचाणावर बसून येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. तेच झाड, तेच पाणी, तोच न बोलता बसलेला माणूस. हातात वही असते एवढंच.

शेवटी एक शब्द. आपल्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामानं मारीचरूपी हरणाला तिथून बाण मारला असं लोक सांगतात. संस्कृतात मृग शब्दाचा धातू शोधणं या अर्थाचा आहे. जो शोधला जातो तो मृग, आणि त्याचा शोध ती मृगया. त्याच कुळातला शब्द मार्गण, त्याचा अर्थ शोध, याचना आणि बाणसुद्धा. त्यातूनच आपलं मराठी ‘मागणं’ आलं. एकाच कुळातून शिकाऱ्याची मृगया आणि हरिणीचं मागणं निघालं. झाडावरचा तो व्याध रात्रभर स्थिर बसला म्हणून त्याला हरिणी जवळून दिसली. तिचं मागणं ऐकू येण्याइतका तो जवळ आणि गप्प होता. तंत्रानं त्याला तिथवर आणलं, पुढचं त्याचं त्याला ठरवावं लागलं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, आम्ही येवल्याकडचे. काळविटं आमचा हरभरा, मका खातात. तुम्ही तत्त्वज्ञान सांगता, नुकसान आम्ही सोसतो.*

तुमचं म्हणणं खरं आहे. माळरानावर शेती गेली, तेव्हा काळवीट शेतात आलं. पण त्या हरणाला जगवायचा खर्च सगळ्या समाजाचा आहे, एकट्या तुमचा नाही. पीक नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते, अर्ज मात्र लगेच, दोन-तीन दिवसांतच करा, पंचनामा करून घ्या. भरपाई अपुरी असेल तर ती वाढवून मागणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यात आम्ही शहरातल्या हरीणप्रेमींनी तुमच्या शेजारी उभं राहायला हवं. ज्याला हरीण बघायला आवडतं त्यानं हरभऱ्याची किंमत द्यावी, यात मला न्याय दिसतो.

*प्रश्न : आपण बोकड खातो. मग हरणासाठी एवढे अश्रू कशाला? हे ढोंग नाही का?*

काही प्रमाणात आहे. मांस खाणाऱ्यानं शिकाऱ्याला नावं ठेवताना जरा थांबावं. शिकारी निदान जनावराचा डोळा बघतो, आपण पुडी बघतो. पण दोन गोष्टी वेगळ्या करा. बोकड मारणं बरोबर का, हा एका जिवाचा प्रश्न. काळवीट मारणं बरोबर का, हा एका जिवाचा आणि शिवाय एका कुळाचा. चित्ता आपण असाच घालवला, 1952 मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे. पहिल्याचं शोधतो आहे. तुम्हीही शोधा, आणि जेवताना एखाद वेळी आठवलं तरी पुरे.